मावशीच्या टेबलाची जागा

गल्लीत तिला सगळे ‘कवीबाई’ म्हणत. हे नाव पाडलं इस्त्रीवाल्या मावशीने. घरात भावंडांचा धिंगाणा आणि गल्लीत दिव्यांचा पत्ता नाही, म्हणून पोरगी लहानपणापासून मावशीच्या टेबलाशेजारी स्टूल टाकून अभ्यास करायची. उजेड काय तो तिथे टांगलेल्या बल्बचा. “कवीबाई, कोपर सरकवा, नाहीतर शर्टाबरोबर तुम्हालाही इस्त्री करीन,” असं मावशी म्हणायची, आणि कवीबाई वहीतून मान वर न काढता कोपर सरकवायची.

त्या बल्बवरच तिने कविता लिहिली. नुसती लिहून गप्प बसली असती तर ती कवीबाई कसली! गल्लीतली पोरं गोळा केली, वॉर्ड ऑफिसच्या पायऱ्यांवर बसवली आणि साहेब बाहेर येईपर्यंत सगळ्यांकडून ती म्हणवून घेतली. साहेब आधी वैतागले, मग हसले, मग गल्लीत दिवे लागले. आता कवितेने सरकारी काम होतं यावर कोण विश्वास ठेवणार? पण झालं खरं. पेपरात आलं, आणि तिथून जी गाडी सुटली ती थेट राष्ट्रीय सन्मानावर जाऊन थांबली. कविता आणि नागरी नेतृत्वासाठी देशातल्या तरुण कवींना देतात, तो सन्मान. त्या दिवशी मावशीने येणाऱ्याजाणाऱ्याला बातमी सांगितली आणि त्या नादात एक पांढरा शर्ट करपवला.

सन्मान द्यायला मंत्रीबाई स्वतः गल्लीत येणार होत्या. कवितेतली गल्ली त्यांना डोळ्यांनी बघायची होती. वॉर्डातले साहेब घरी आले, खुर्चीवर बसले, चहा प्यायले. “गल्ली जरा मोकळी दिसली पाहिजे,” एवढंच म्हणाले. बाबांनी मान डोलावली. घरात मंत्री येणार म्हटल्यावर माणूस कशालाही मान डोलावतो. कवीबाईनेही डोलावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी वॉर्ड ऑफिसचा ट्रक आला. चांभाराची पेटी चढली, न्हाव्याची खुर्ची चढली, आणि मग दोघांनी मावशीचं टेबल उचललं. तिसऱ्याने इस्त्रीला हात घातला.

“अरे, गरम आहे ती! भाजेल ना हात!” मावशी ओरडली. बाईचं अख्खं पोट त्या ट्रकमध्ये चढत होतं, आणि तिला पडली होती त्याच्या हाताची!

कवीबाई धावतच वॉर्ड ऑफिसात गेली. साहेबांनी तिला बघून खुर्ची पुढे केली.

“साहेब, मावशीचं टेबल नेलंय.”

“अगं, तुझ्यासाठीच तर चाललंय हे सगळं!”

“कार्यक्रम झाला की परत द्याल?”

“टेबलामागच्या त्या भिंतीवर तुझी कविता रंगवतोय आम्ही. कायमची. आता कवितेपुढे टेबल लावलं तर लोक वाचणार कसे? तूच सांग.”

काय सांगणार, कपाळ? तिने सन्मानवाल्यांना फोन लावला. पलीकडच्या ताईंनी सगळं ऐकून घेतलं, फार गोड आवाजात वाईट वाटल्याचं सांगितलं आणि बॅनरसाठी हसरा फोटो मागितला.

“मला नकोच तो सन्मान,” तिने घरी जाहीर केलं.

“नको म्हणालीस तर टेबल येणार आहे का परत?” बाबा म्हणाले. ते रागावले असते तर बरं झालं असतं. पण ते रागावले नव्हते.

मावशीने तर तिलाच झापलं. “वेडी का खुळी तू? घे मुकाट्याने. माझं मी बघीन.” कसं बघणार, हे तिला तरी कुठे माहीत होतं!

कार्यक्रमाच्या दिवशी गल्ली अशी चकाचक होती की स्वतःच्याच दारापुढे पाहुण्यासारखं वाटावं. भिंतीवर निळ्या रंगात मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं:

आमच्या गल्लीला दिवा नाही,
मावशीच्या टेबलावर एक आहे.
त्या उजेडात आम्ही घरी येतो,
ती म्हणते, जपून, खड्डा आहे.

मंत्रीबाईंनी पदक घातलं. त्यांचे डोळे खरोखरच ओले झाले होते, खोटं कशाला बोला. “आणि या मावशी कुठे आहेत? आल्यात का?” त्यांनी माइकवर विचारलं.

लोकांनी मावशीला मागून पुढे ढकललं. पदराने तोंड पुसत ती भिंतीपाशी आली. कुणीतरी तिच्या हातात फुलांचा गुच्छ कोंबला.

“मावशी, कुठे लावता तुम्ही टेबल?”

मावशी बोट दाखवून म्हणाली, “तुम्ही उभ्या आहात ना बाई, तिथेच.”

हशा पिकला. टाळ्यांचा नुसता कडकडाट! मंत्रीबाईही हसल्या आणि त्यांनी मावशीच्या खांद्यावर हात ठेवला. फोटोवाले पुढे सरसावले.

“बाई, ते टेबल यांनीच—” कवीबाई बोलू लागली, पण निवेदकाने हसत हसत माइक काढून घेतला होता आणि कर्ण्यावर गाणं सुरू झालं होतं. तिने तेच पुन्हा मोठ्याने सांगितलं, अगदी घसा फाटेस्तोवर. मंत्रीबाईंनी कान पुढे केला, मान हलवली, “हो हो, नक्की,” म्हणाल्या आणि गाडीकडे वळल्या.

गर्दी पांगली. कवीबाई भिंतीला टेकून खाली बसली आणि हुंदके देऊन रडायला लागली. मावशी शेजारी येऊन बसली. तिने गुच्छ बाजूला ठेवला आणि पोरीची बाही बोटांनी सारखी करू लागली.

“किती चुरगळलीस गं,” ती म्हणाली. “काढून दे, दोन मिनिटांत…”

आणि तिचा हात सवयीने बाजूला गेला, जिथे इस्त्री असायची तिथे.