ठमीने सोललेला थर

बाळंतपणाची रजा संपवून प्रयोगशाळेत परतले त्याला तीन आठवडे झाले होते, आणि तेवढ्या दिवसांत मी लेकीच्या, म्हणजे ठमीच्या, पाळणाघराला एकशे चार फोन केले होते. आकडा माझा नव्हे, मावशींचा. त्या पाळणाघर चालवतात आणि सगळं मोजतात.

आमच्या मॅडमही मोजत होत्या. तीन आठवड्यांत माझ्या हातून ग्राफीनचा एकही धड थर निघाला नव्हता. ग्राफीन म्हणजे पेन्सिलीत असतं त्या ग्रॅफाइटचा एका अणूइतका पातळ पापुद्रा. जग त्याच्या बॅटऱ्या काय, ताप मोजणाऱ्या पट्ट्या काय, करायला निघालंय. पण तो काढायची आमची रीत बालवाडीतली. ग्रॅफाइटचा कण चिकटपट्टीवर ठेवायचा, पट्टी दुमडायची, उघडायची, पुन्हा दुमडायची, पुन्हा उघडायची. शेवटी ती सिलिकॉनच्या चकतीवर दाबायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली फिकट जांभळा डाग शोधत बसायचं.

"तीन वाजता पाहुणे येतायत," मॅडम म्हणाल्या. "ताप मोजायच्या पट्ट्या करणारी मंडळी. एक थर दाखव. नाही जमलं तर हे काम मी दुसऱ्या कुणाला देते, तू फायली सांभाळ."

पट्टी होती की माझ्याकडे. काल पाळणाघर बंद व्हायच्या आत पोचायच्या घाईत अर्धवट सोललेली तशीच डबीत घालून घरी नेली होती. डबी उघडली. रिकामी! नवऱ्याला फोन लावला.

"ती निळी पट्टी होय? ठमीच्या दुधाच्या बाटलीवर नाव घालून लावली. आयता तुकडा होता. जरा मळका होता, पण म्हटलं चालेल."

"मळका? अरे, ते माझं काम होतं!"

"मग बरंच झालं की. नाव घातलंय, हरवणार नाही."

त्याच्याशी नंतर बघू म्हणून पाळणाघराला फोन केला.

"एकशे पाच," मावशी म्हणाल्या.

"मावशी, ठमीच्या बाटलीवरची पट्टी..."

"बाटलीवर कुठली? तिनं केव्हाच सोलली. सकाळपासून तोच उद्योग. चिकटवते, उपटते. काढून घ्यायला गेलं की घर डोक्यावर घेते."

"तोंडात नाही ना घातली?"

"तोंडात माझं बोट घातलं."

मी धावतच सुटले. ठमी कोपऱ्यात मांडी ठोकून बसली होती, कपाळाला आठ्या, हातात पट्टी. मॅडमही काम करताना अश्शाच दिसतात. गळ्यातलं ओळखपत्र लाच म्हणून दिलं तेव्हा कुठे पट्टी सुटली. मग मोबाइलच्या उजेडात तिची जीभ, हिरड्या, दहाही बोटं तपासली.

"बाई, लहानपणी पेन्सिली चावूनच शिकलात ना तुम्ही?" मावशी म्हणाल्या. "जा आता."

पावणेतीनला पट्टी चकतीवर दाबली. सूक्ष्मदर्शकात आधी दिसला डोंगराएवढा बिस्किटाचा कण. मग एक केस. मॅडम मागे येऊन उभ्या. मी म्हटलं, आटोपलं, आता फायली. आणि त्या बिस्किटाच्या कडेला, फिकट जांभळा, चांगला ऐसपैस डाग! लेझर टाकून पाहिलं. थर एकच.

पाहुणे आळीपाळीने वाकून बघून गेले. "असाच पुन्हा काढता येईल?" त्यांच्यातल्या म्हाताऱ्या इंजिनिअरनं विचारलं.

मॅडमनी वही उघडली. "आपण दहा वेळा सोलून थांबतो. तू पट्टी किती वेळा सोललीस?"

खोटं बोलवेना. मी फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

"एकशे सहा," मावशी म्हणाल्या.

"मावशी, ठमीनं ती पट्टी साधारण किती वेळा..."

"साधारण कशाला? एकेचाळीस. सावकाश, एका कडेनं. मग मला चावली."

मॅडमनी एकेचाळीस लिहिलं, सावकाश लिहिलं, एका कडेनं लिहिलं, आणि पेन थांबवलं.

"चावणं आवश्यक आहे का?"

"तपासून बघावं लागेल," मी म्हटलं.

"मग बघ," मॅडम म्हणाल्या आणि वही माझ्या हातात दिली. "फायली दुसरं कुणीतरी बघेल."