बाजूने मत दिलेला माणूस

ऑरिन स्टॅप टोपी हातात धरून माझ्या टेबलासमोर उभा राहिला आणि म्हणाला, ऑक्टोबरच्या सभेचं इतिवृत्त बघायचंय. मी एकदम सावरून बसले. गेली अकरा वर्षं मी आमच्या कम्युनिटी कॉलेजच्या शिक्षकसभेची सचिव आहे. मूळची ग्रंथपाल; हे काम दुसऱ्या कोणालाच नको होतं म्हणून माझ्या गळ्यात पडलं. एवढ्या वर्षांत इतिवृत्त वाचायला मागणारा हा पहिलाच माणूस होता.

आणि तोही ऑरिन. फ्रीज आणि एसी दुरुस्तीचा वर्ग घेणारा, सव्वीस वर्षं सभेत मागच्या रांगेत बसणारा. त्याचं मत आम्हाला आधीच ठाऊक असायचं. समोरचे हात वर गेले की याचा वर, खाली आले की याचाही खाली. सभा संपली की डोनटचा रिकामा खोका चेपून कचऱ्यात टाकायचा आणि निघायचा. कोणाशी वैर नाही, कोणाशी फार सख्यही नाही.

मी फाईल काढून दिली. त्याने बोट ठेवून नऊ नंबरचा विषय वाचला, मग परत वाचला. ‘हजेरी नियमात सुधारणा. सर्वानुमते मंजूर.’

“सर्वानुमते म्हणजे मीपण?”

“होतास ना तू त्या दिवशी?”

“होतो,” तो म्हणाला आणि खुर्ची ओढून बसला.

प्रकार असा होता. सभेत किरकोळ विषयांची एक यादी असते. त्यावर चर्चा होत नाही, सगळे विषय एकदम मंजूर होतात. अध्यक्षबाई विचारतात, कोणाला काही वेगळं काढायचंय का? कोणी काढत नाही, कारण काढलं की चर्चा होते आणि चर्चा झाली की घरी जायला उशीर. ऑक्टोबरच्या यादीत बारा विषय होते. नवव्यात लिहिलं होतं की आदल्या दिवशी न कळवता तीनदा गैरहजर राहणाऱ्या विद्यार्थ्याचं नाव आपोआप पटावरून कमी होईल. आधी हे शिक्षकाच्या हातात होतं, आता ते संगणकाच्या हातात गेलं. ती यादी मीच टाइप केली होती. टाइप करताना मीही वाचली नव्हती, हे इथेच सांगून टाकते.

त्या नियमात पहिली सापडली ती ऑरिनच्याच वर्गातली डार्ला किंब्रो. चौतिशीची बाई, रात्रपाळीला वृद्धाश्रमात काम करायची आणि सकाळी थेट वर्गात यायची. तिचे वडील पायरीवरून पडले आणि तिचे दोन दिवस इस्पितळात गेले. मग आणखी एक दिवस गेला. तिन्ही वेळा तिने सकाळी फोन केला होता, पण नियमाला आदला दिवस हवा होता. तिसरं ‘गैरहजर’ ऑरिनने स्वतःच्या बोटाने भरलं. दुसऱ्या दिवशी यादी उघडली तर नावच नव्हतं. तिला घरी पत्रही गेलं होतं.

विद्यार्थी मदत कक्षाच्या येव्हेट मॉन्ककडे जाऊन त्याने आधी तक्रार केली, की कुठल्या गाढवाने हा नियम केला. येव्हेटने शांतपणे सांगितलं की तुम्हीच केलाय, तुमच्या सभेने, मला तर कोणी विचारलंही नाही. म्हणून तो माझ्याकडे आला होता.

मी नियमांचं पुस्तक काढलं. झालेला ठराव फेरविचाराला आणता येतो, पण फक्त पुढच्याच सभेत, आणि आणायचा तर त्याच माणसाने, ज्याने बाजूने मत दिलं होतं. विरोधकाला तो हक्क नाही, गैरहजर असलेल्यालाही नाही. हरलेल्यांनी दर महिन्याला तेच उकरून काढू नये म्हणून कोण्या शहाण्याने ही तरतूद केलेली आहे.

आता गंमत बघा. या नियमावर सगळ्यात जास्त तोंडसुख घेत होता तो इतिहासाचा हॉलिस प्रॅथर. पण ऑक्टोबरच्या सभेच्या दिवशी तो दाताच्या डॉक्टरकडे होता, म्हणजे त्याच्या हातात काही नाही. ज्यांच्या हातात होतं, ते बाकीचे एकवीसजण. आणि त्यांच्यापैकी कोणालाही उठून उभं राहायचं तर आधी कबूल करायला हवं होतं की आपण न वाचता हात वर केला. प्राध्यापक माणूस काहीही कबूल करील, पण वाचलं नाही हे कबूल करणार नाही.

ऑरिनने तीनचारजणांना गाठलं. त्यांना चांगलं बोलता येतं, असं तो म्हणाला. सगळ्यांनी सहानुभूती दाखवली. एकाने अर्ज करायला सुचवलं, दुसऱ्याने उपसमिती. शेवटी तो परत ग्रंथालयात आला आणि म्हणाला, “लोइस, उठल्यावर काय म्हणायचं असतं ते एका कागदावर लिहून दे.” मी लिहून दिलं. त्याने कागद घडी करून खिशात ठेवला.

सभा नोव्हेंबरच्या दुसऱ्या मंगळवारी होती, म्हणजे डार्लाचं नाव जाऊन तीन आठवडे झाले होते. अध्यक्षबाई नेहमीच्या वेगाने चालल्या होत्या. ऑरिन उठला तेव्हा त्यांना वाटलं त्याला बाहेर जायचंय, आणि त्यांनी दाराकडे हात केला.

तो तसाच उभा राहिला. कागद त्याने काढलाच नाही.

“ऑक्टोबरमध्ये नऊ नंबरच्या विषयाला मी बाजूनं हात वर केला होता,” तो म्हणाला. “मी तो वाचला नव्हता. आता वाचलाय. तो परत घ्यावा असं माझं म्हणणं आहे.”

कोणीतरी खाकरलं. हॉलिसने ताबडतोब अनुमोदन दिलं. अनुमोदन कोणीही देऊ शकतो, आणि ती संधी तो सोडणार नव्हता. मग नर्सिंगच्या प्रमुख उठल्या. त्यांचं म्हणणं चुकीचं होतं असं मी म्हणणार नाही. आजारी माणसाच्या उशाशी ज्यांना उभं राहायचंय त्यांना आधी कळवायची सवय लागलीच पाहिजे, असं त्या म्हणाल्या. बऱ्याच माना डोलल्या. अध्यक्षबाईंनी ऑरिनला विचारलं, यावर काही बोलायचंय का?

“त्यांचं बरोबर असेल,” ऑरिन म्हणाला. “पण माझ्या वर्गात एक बाई होती. तांब्याची नळी तिनं जोडली की मला परत तपासावी लागायची नाही. सव्वीस वर्षांत अशी तीन माणसं मिळाली मला. कोणाला ठेवायचं आणि कोणाला काढायचं हे माझं काम होतं. ते मी तुम्हा सगळ्यांबरोबर देऊन टाकलं, कारण मला घरी जायचं होतं.”

तो खाली बसला. मला मी टाइप केलेल्या यादीची लाज वाटली. नियम तेरा विरुद्ध नऊ मतांनी रद्द झाला आणि कमी झालेली नावं परत घ्यावीत असंही ठरलं. सचिवाला मत नसतं. असतं तर चौदा झाली असती.

दुसऱ्या दिवशी माझ्या सहीचं पत्र घेऊन आम्ही डार्लाकडे गेलो. ते टपालाने गेलं असतं, पण ऑरिनला स्वतः द्यायचं होतं, आणि एकटा जायला तो कचरत होता. नदीच्या बाजूला, पुलाखालच्या वस्तीत तिचं घर. ओसरीत थंडीत दुधाचा डबा आणि लोणी ठेवलेलं होतं. ती वृद्धाश्रमाच्या निळ्या कपड्यांतच दाराशी आली, नुकतीच कामावरून आलेली. तिने पत्र उभ्या उभ्या वाचलं.

“मला वाटलं तुम्हीच काढलंत नाव,” ती ऑरिनला म्हणाली. “लई शिव्या घातल्या मी तुम्हाला.”

“बरोबर घातल्यास. माझा हात वर होता.”

“म्हणजे?”

त्याने सगळं सांगितलं, काही न लपवता. ती ऐकत राहिली. मग तिने पत्राची घडी करून ते त्याच्याकडे परत दिलं.

“आता नाही जमायचं, सर. दिवसपाळी घेतली मी. कॉलेज सुटलंच म्हटल्यावर घेतली. आता परत रात्रपाळी मागितली तर ते म्हणतील, बाई, घरी बस.”

ऑरिन म्हणाला, जानेवारीत नवीन वर्ग सुरू होतोय. ती म्हणाली की तोही दिवसाच असणार. आतून तिच्या वडिलांनी कोण आलंय म्हणून विचारलं. ती म्हणाली, कॉलेजची माणसं आहेत, आणि आम्हाला कॉफी घ्यायला आत बोलावलं.

स्वयंपाकघरात फ्रीज भिंतीपासून पुढे ओढलेला होता, मागचं झाकण उघडलेलं. कालपासून थंड होत नव्हता. ऑरिनने सवयीने कोट काढला, बाह्या वर केल्या आणि गुडघ्यावर बसायला लागला.

“तुम्ही हात लावू नका,” डार्ला म्हणाली. “मोटर चालू करणारा रिले गेलाय. नवीन आणलाय मी येताना.”

तिने प्लग काढलेला आहे याची परत खात्री केली आणि खाली बसली. मागच्या बाजूला अंधार होता. ऑरिनने ओट्यावरची बॅटरी उचलून तिच्या हातांवर उजेड धरला. जुना रिले कसा ओढायचा, नवा कुठल्या बाजूने बसवायचा, कशातच तिला विचारावं लागलं नाही. कॉफी निवत होती. ती पुढे सरकली की तो उजेड थोडा पुढे नेत होता.

प्लग लावल्यावर मोटर सुरू झाली. डार्ला उठली, हात पुसले आणि ओसरीतलं दूध आणायला गेली. ऑरिन काही वेळ तिथेच, उजेड तसाच धरून उभा होता.