पुन्हा दुखेपर्यंत

“बघा, आमचे कसे चवीनं जेवतायत!” शेजारच्या खाटेजवळची बाई कौतुकानं म्हणाली, आणि रंगाऱ्याच्या बायकोच्या पोटात दुखलं.

शेजारचा पेशंट बसचा ड्रायव्हर. गाठ त्याच्याही मेंदूत होती. पण तपासायला त्याच्या गाठीचा तुकडा सुईनं काढून झाला होता, रोगाचं नाव कळलं होतं, आणि सूज उतरवणाऱ्या गोळ्या घेऊन गडी नर्सची थट्टा करत बसला होता. रंगाऱ्याची ही तपासणी मात्र व्हायची होती, म्हणून डॉक्टरीणबाईंनी त्याच्या तसल्याच गोळ्या बंद केल्या होत्या. तो भिंतीकडे तोंड करून कण्हत होता.

संध्याकाळी मोठी जाऊ येणार होती. तिच्यासमोर आपल्याच नवऱ्यानं असं मढ्यासारखं पडून राहायचं? बायकोनं घरी उरलेल्या त्याच गोळ्या काढल्या. “ताकदीच्या आहेत,” म्हणत त्याला दिल्या. तो उठून बसला, जावेशी दोन शब्द हसून बोलला. मग काय, तपासणीपर्यंत तिनं रोज दिल्या.

तपासणी झाली, रंगाऱ्याच्या तुकड्याचा रिपोर्ट आला. नक्की काहीच सांगता येत नव्हतं.

“त्यांचं बरं लगेच कळलं!” ती डॉक्टरीणबाईंवर फणकारली. “आमच्याच वेळी सुई चुकली वाटतं?”

“सुई बरोबर जागी होती. पण काही सापडलं नाही म्हणजे काही नाही, असं होत नाही. गोळ्यांनी काही गाठी दबतात, मग तुकड्यात दिसत नाहीत. तुमच्या बंद होत्या ना? नीट आठवून सांगा. बंद असतील तर मी वेगळ्याच रोगाचा विचार करेन, औषधंही वेगळी देईन.”

नवरा समोरच होता. “मीच देत होते,” ती म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट मिटला. “आता एकही द्यायची नाही. दबलेली गाठ पुन्हा वर येऊ द्यायची. मग पुन्हा स्कॅन, पुन्हा सुई. त्रास वाढला की गाठ वर आली समजा, लगेच कळवा.”

त्या गेल्यावर रंगारी हळूच म्हणाला, “मला वाटलं, मी बरा होतोय.”



ड्रायव्हर उपचारांसाठी दुसऱ्या वॉर्डात गेला. त्याच्या बायकोनं जाताना हात हलवला. कॅन्सर झालेल्या माणसाच्या बायकोचा आपण हेवा करतोय, हे हिला कळत होतं, तरी जळफळाट काही थांबेना.

चारेक दिवसांनी सकाळी रंगाऱ्यानं दोन्ही हातांनी डोकं धरलं.

“दुखतंय? खूप दुखतंय का हो?” तिनं विचारलं, आणि स्वतःच्या आवाजातली आशा ऐकून शरमेनं मान खाली घातली.

“खूप,” तो म्हणाला. “जा, सांग त्यांना.”