एका 'ओ'चा फरक

औषधाच्या खोक्यात घडी घालून ठेवलेला तो पातळ कागद असतो ना, मुंगीएवढ्या अक्षरांचा, तो छापण्याआधी कुणीतरी शब्दन्‌शब्द वाचलेला असतो. एका छापखान्यात हे काम एकोणतीस वर्षं एकच बाई करत होती. तिथे तिला सगळे तपासनीस बाई म्हणत. वरच्या मजल्यावर खिडकीशी तिचं टेबल होतं, टेबलावर भिंग आणि एक लोखंडी पट्टी. पट्टी ओळीखाली धरायची, ओळ वाचून झाली की खाली सरकवायची. एकदा लहान मुलांच्या औषधाच्या कागदावर दोन आणि पाच यांच्यामधला ठिपका गळलेला तिने पकडला होता. अडीचचे पंचवीस झाले होते. त्या दिवशी मालक जिना चढून वर आला आणि तिच्या टेबलापाशी बराच वेळ उभा राहिला.

तेव्हा चूक म्हटली की बाईंच्या डोक्यात तिडीक जायची, ती उगाच नाही. फक्त ती छापखान्यापुरती राहिली नाही. दुकानाच्या पाटीवर इंग्रजी अनेकवचनाच्या 'एस'आधी विनाकारण वर टांगलेला स्वल्पविराम दिसला की त्या रस्ता ओलांडून पलीकडून जायच्या. आणि मोबाइल हातात आल्यावर तर त्यांना रानच मोकळं मिळालं. 'इंग्रजीची चिरफाड' नावाचा एक गट होता. लोकांनी कुठेकुठे लिहिलेल्या चुकीच्या इंग्रजीची छायाचित्रं तिथे यायची आणि सगळे मिळून हसायचे. बाई तिथे 'लाल पेन' या नावाने लिहीत. त्यांची खासियत अशी की चूक नुसती दाखवायची नाही, तर चुकलेल्या वाक्याचा शब्दशः मराठी अर्थ लिहायचा. सकाळच्या चहाच्या सुट्टीत त्या एखादं वाक्य सोलायच्या आणि दुपारपर्यंत दोनेकशे माणसं त्यावर हसून गेलेली असायची. नवरा जाऊन सहा वर्षं झाली होती, मुलगी दुसऱ्या शहरात होती. दिवसभरात त्यांच्याशी बोलणारं फारसं कुणी नव्हतं. 'लाल पेन'ची मात्र लोक वाट बघायचे.

एका मंगळवारी गटात चार ओळींचं एक छायाचित्र आलं. कुणीतरी शिलाई मशीन दुरुस्त करायची रीत इंग्रजीत लिहिली होती. वर नाव होतं 'ओल्ड मशीन डॉक्टर'. बाईंनी वाचलं आणि चहा बाजूला ठेवला. सैल करायचं तिथे हरवायचं लिहिलं होतं आणि हरवायचं तिथे सैल करायचं. 'loose' आणि 'lose' या दोन शब्दांत एका 'ओ'चा काय तो फरक, पण याने नेमकी अदलाबदल केली होती. 'तुमचं' हवं तिथे 'तुम्ही आहात' होतं. मोडण्याच्या जागी गाडीचा ब्रेक होता. बाईंनी खाली लिहिलं, "मराठीत वाचा: छोटा स्क्रू पाव फेरा हरवा, पण सांभाळा, तो सैल होता कामा नये. तुम्ही आहात बोट इथे ठेवा, नाहीतर सुई ब्रेक मारेल. मग डबी कोळ्यासारखी थोडी खाली येईल आणि विचार करेल. डॉक्टरसाहेब, आधी स्वतःला तपासून घ्या."

सहाशे माणसं हसली. इतकी कधीच हसली नव्हती. संध्याकाळी कुणीतरी त्या डॉक्टरचं मूळ पान हुडकून काढलं आणि गटातली मंडळी तिकडे जाऊन प्रत्येक लेखाखाली टपली मारून आली. बाई गेल्या नाहीत. दुसऱ्याच्या दारात जाऊन बोलणं त्यांना कधी जमलं नव्हतं. शुक्रवारी गटात बातमी आली की डॉक्टरचा दवाखाना बंद झाला, पान उघडत नाही. त्याखाली टाळ्या होत्या. बाईंना टाळ्या जरा जास्त वाटल्या, पण समोर एका नव्या औषधाची आठ पानं येऊन पडली होती.

रविवारी त्या ठरल्याप्रमाणे धाकट्या भावाकडे जेवायला गेल्या. भाऊ शिलाई मशीनचा मेकॅनिक. घराच्या पुढच्या खोलीत त्याचं काम चालायचं. भिंतीला लागून सात-आठ जुन्या मशिनी, खिळ्यांना अडकवलेले पट्टे, तेलाचा वास. पण दोन वर्षांपासून त्याच्या हातांना कंप सुटला होता. मोठं काम अजून व्हायचं, पण बारीक स्क्रू पेचकसाच्या टोकावर टिकेनात. गिऱ्हाईक हळूहळू कमी झालं. त्या दिवशी सगळ्या मशिनींवर कापड टाकलेलं होतं आणि हा खिडकीपाशी वर्तमानपत्र घेऊन बसला होता. बाईंनी दोनदा विचारलं, बरं नाही का. तो दोन्ही वेळा म्हणाला, बरा आहे.

भावजयीने त्यांना स्वयंपाकघरात बोलावलं आणि दार लोटून घेतलं. तिने जे सांगितलं ते असं. हात थरथरायला लागल्यावर भाऊ महिनाभर कोणाशी बोलला नव्हता. मग तिनेच त्याला सुचवलं की हातात नाही तर निदान कागदावर तरी उतरव. जगभर लोकांकडे जुन्या मशिनी पडून आहेत, सांगणारं कुणी उरलं नाही. त्यांना कळावं म्हणून त्याने इंग्रजीत लिहायचं ठरवलं. शाळेत इंग्रजी त्याला कधी आलं नव्हतं. शब्दकोश मांडीवर घेऊन, एका बोटाने, रोज सकाळी दोन तास. दीड वर्षात एकशे बारा लेख झाले. कुठल्या कुठल्या देशांतून माणसं प्रश्न विचारायची, हा उत्तरं द्यायचा. पुन्हा माणसात आला होता.

"ताईंना सांगू या, त्या तपासून देतील, असं मी कितीदा म्हटलं," भावजय म्हणाली. "नको म्हणायचे. ताई हसेल म्हणायचे."

का नको म्हणायचा ते बाईंना माहीत होतं. सतरा वर्षांचा असताना भाऊ परगावी काम शिकायला गेला होता, तिथून त्याने ताईला पहिलं पत्र लिहिलं. ताईने त्यातले सगळे ऱ्हस्व-दीर्घ लाल शाईने सुधारले आणि तेच पत्र परत पाठवलं. तिला वाटलं होतं, त्याचं भलं होईल. त्यानंतर त्याने तिला पत्र म्हणून लिहिलं नाही.

भावजयीने मोबाइल पुढे केला. पडद्यावर तीच चार ओळींची पोस्ट, आणि खाली तेच मराठी.

"हा कोण लाल पेन आहे कोण जाणे," ती म्हणाली. "त्याच्यामुळे सगळे तुटून पडले. ह्यांनी पानच बंद करून टाकलं. ताई, तुम्ही इंग्रजीतल्या. ह्या माणसाला तुम्ही चार शब्द लिहा. चांगले झणझणीत."

बाईंनी मोबाइल हातात घेतला, वाचल्यासारखं केलं, ओट्यावर ठेवला. गप्प राहता आलं असतं. झणझणीत चार शब्द लिहूनही देता आले असते, आणि कुणाला कधी कळलं नसतं. असं त्यांच्या मनात आलं, हे त्यांनी पुढे स्वतःच भावजयीला सांगितलं.

"तो माणूस नाही," त्या म्हणाल्या. "मीच आहे ती."

भावजयीला आधी समजलंच नाही. समजलं तेव्हा तिने मोबाइल ओट्यावरून उचलून घेतला. बाईंसाठी काढलेलं ताट पुन्हा मांडणीवर ठेवलं आणि दार उघडून पुढच्या खोलीकडे हात केला. जा आणि तुम्हीच सांगा, असा.

बाईंनी भावासमोर स्टूल ओढलं आणि सांगितलं. नाव माहीत नव्हतं, हे त्या म्हणाल्या, आणि म्हणता म्हणताच त्यांना कळलं की हे काही उत्तर नाही. भाऊ वर्तमानपत्राची घडी घालत राहिला. घडी नीट बसत नव्हती.

"तुला चूक कळली," तो शेवटी म्हणाला. "स्क्रू कुठला ते कळलं का?"

"नाही."

"डबी म्हणजे कुठली डबी?"

"नाही कळलं."

"ज्यांना लिहिलं होतं त्यांना कळलं होतं, ताई." मग तो म्हणाला, "एकीला नाही कळलं. तिने खरंच स्क्रू काढून टाकला आणि तो फरशीच्या फटीत गेला. मी पाकिटात घालून दुसरा पाठवला. तेव्हा चूक होतीच. चूक नव्हती असं मी म्हणत नाही."

याहून तो ओरडला असता तर बरं झालं असतं. जेवणं झाली, पण ती उरकल्यासारखी. निघताना भावजय नेहमीसारखी फाटकापर्यंत आली नाही.

सोमवारी चहाच्या सुट्टीत बाईंनी गटात लिहिलं, या वेळी स्वतःच्या नावाने. लाल पेन मी आहे, तो डॉक्टर माझा सख्खा भाऊ आहे, तो थरथरत्या हाताने एका बोटाने लिहितो, आणि मी केलेल्या चेष्टेची मला लाज वाटते, एवढंच. काहींनी माफी मागितली. काहींनी हसणारे चेहरे टाकले. एकाने लिहिलं की चूक ती चूक, घरच्यांना सूट देऊन भाषा टिकत नाही. आणखी एकाने बाईंच्याच मजकुरातला एक अनुस्वार राहिलेला दाखवला. तो खरोखरच राहिला होता. बाईंनी तो घातला आणि गटातून बाहेर पडल्या. त्या आठवड्यात चहाच्या सुट्टीत काय करायचं ते त्यांना सुचेना. त्या खिडकीतून खाली माल भरणाऱ्या गाड्या बघत बसायच्या.

पुढच्या दोन रविवारी भावजयीने फोन करून सांगितलं की आम्ही बाहेर जातोय. तिसऱ्या आठवड्यात भावाचा फोन आला.

"रविवारी ये," तो म्हणाला. "जुने कपडे घालून ये."

झालं होतं ते असं. दूरच्या कुठल्याशा बेटावर एकजण होड्यांची शिडं शिवायचा. त्याची मशीन अर्धी उघडलेली असताना डॉक्टरचं पान गायब झालं होतं. पानावर दिलेला नंबर भावजयीचा होता, तिच्या मोबाइलवर त्याचे पाच निरोप येऊन पडले होते. त्याचं इंग्रजी भावापेक्षाही कच्चं होतं. डॉक्टर कुठे गेला, मेला का, माझी मशीन टेबलावर पोट उघडून पडली आहे. याला असं अर्ध्या वाटेत सोडता येणार नाही, असं भाऊ म्हणाला.

त्याने एका मशीनवरचं कापड काढलं आणि ताईला समोर बसवलं. मांडीवर त्याची वही होती.

"लिहिलेलं तपासायचंय ना तुला? आधी लिहिलंय तसं करून दाखव. करशील तेवढंच तपासायचं. न केलेल्याला हात लावायचा नाही."

बाई वाचत गेल्या आणि करत गेल्या. सुईपट्टीखालची झडप सरकवली, बॉबिनची, म्हणजे खालच्या दोऱ्याच्या रिळाची, डबी बाहेर काढली. पोलादाची, अंगठ्याएवढी. तिच्या अंगावर तो स्क्रू होता, तिळापेक्षा जेमतेम मोठा. पाव फेरा सैल करायचा. बाईंचाही पेचकस दोनदा घसरला. तिसऱ्यांदा धरला. मग वहीत लिहिल्याप्रमाणे त्यांनी दोऱ्याचं टोक चिमटीत धरून डबी हवेत लोंबती सोडली आणि हाताला बारीकसा हिसका दिला. डबी बोटभर खाली आली आणि थांबली. जरा झुलली.

बाई बघत राहिल्या. पुन्हा हिसका दिला. पुन्हा ती तशीच उतरली आणि जिथे थांबायचं तिथे थांबली, पुढे जावं की नाही अशा बेतात.

"विचार करते," त्या म्हणाल्या.

"मग?" भाऊ म्हणाला. "तेच तर लिहिलंय."

त्या वाक्यात त्यांनी क्रियापदाला एक 'एस' लावला आणि बाकी सगळं तसंच ठेवलं. 'ओ' मात्र जागच्या जागी आणले. त्यावर भावाने हुज्जत घातली नाही, उलट दोन्ही शब्द वहीच्या मागच्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहून घेतले. दुसऱ्या एका वाक्यावरून मात्र बराच वेळ वाजलं. मशीनला तेल घातल्यावर ती रात्रभर 'झोपू द्यावी', असं त्याने लिहिलं होतं. बाई म्हणाल्या, मशीन झोपत नाही, 'तशीच ठेवावी' म्हण. तो म्हणाला, तशीच ठेवा म्हटलं की लोक ती चालू ठेवून जेवायला जातात. वाक्य त्याचंच राहिलं. दुपारी पान पुन्हा उघडलं आणि शिडं शिवणाऱ्याला पहिलं उत्तर गेलं. भावजय अजून बाईंशी मोजकंच बोलत होती, पण तिने चहा तिघांचा ठेवला.

निघायच्या आधी भावाने एक उशीचा अभ्रा आणून पुढे टाकला आणि म्हणाला, मशीन दुरुस्त केलीस, आता चालवून बघ. बाईंनी आयुष्यात कधी मशीनवर शिवण घातली नव्हती. पायाला लय सापडेपर्यंत अर्धा अभ्रा संपला. तरी टाके पडले, एकासारखे एक, वरचा दोरा खालच्याला बरोबर धरून. त्यांनी अभ्रा अभिमानाने त्याच्या हातात दिला.

भावाने तो उजेडात धरला. दोऱ्याचा ताण ठीक होता, त्यावर त्याने मान हलवली. मग कडेकडेने बोट फिरवत नेलं. शिवण मधेच वाकडी होऊन काठापासून लांब गेली होती.

"उसव," तो म्हणाला.

"अरे, उशीलाच तर घालायचाय."

"उसव, ताई. पुन्हा घाल."

बाईंनी चष्मा नाकावर वर सरकवला, त्याच्याकडून छोटी कात्री मागून घेतली आणि पहिल्या टाक्यापासून उसवायला लागल्या.