पलीकडच्या शाळेतली मोरॅग

स्कॉटलंडात क्लाइड नदी समुद्राला मिळते तिथे आमचं गाव. गावात दोन शाळा एकाच छपराखाली भरतात. डावा दरवाजा आम्हा कॅथलिकांचा, उजवा बाकी सगळ्यांचा. मधे एक लांब भिंत. जेवणघर मात्र दोघांना मिळून एकच, कारण दोन स्वयंपाकघरं बांधायला कौन्सिल काही केल्या तयार झालं नाही. ऊना आणि मोरॅगची ओळख झाली ती त्या जेवणघरातच.

ऊना मॅकल आमच्या बाजूला धर्मशिक्षण शिकवते. मी तिच्या शेजारच्या वर्गात गणित. ऊना उंच बाई, जरा पुढे वाकून चालणारी, आता पन्नाशीच्या उंबरठ्यावर. ती ह्याच शाळेत शिकली, ह्याच शाळेत शिकवायला लागली. घरी आई, नोरा. वडील गोदीत कामाला होते, ते जाऊन पुष्कळ वर्षं झाली. नोराबाई रोज सकाळी चर्चमध्ये मिस्साला जातात आणि परत येताना अर्ध्या गावाची खबर घेऊन येतात.

मोरॅग रँकिन पलीकडे सुतारकाम शिकवायला आली. ठेंगणी, खणखणीत, केसांत कायम लाकडाचा भुसा. पहिल्याच आठवड्यात चहाच्या रांगेत तिनं ऊनाला विचारलं, "तुमच्या बाजूचा चहा जास्त चांगला असतो म्हणतात, खरं का?"

"आम्ही त्याला आधी आशीर्वाद देतो," ऊना म्हणाली.

मोरॅग इतकी मोठ्यानं हसली की दोन्ही शाळांची पोरं वळून बघायला लागली. ऊनाचे कान लाल झाले. मी तिला तशी कधी पाहिली नव्हती.

पुढे शनिवार दोघींचे झाले. फेरीबोटीनं पलीकडे डनूनला जायचं, किनाऱ्याच्या कठड्यावर बसून कागदातले फिश आणि चिप्स खायचे, वारा असह्य झाला की परतायचं. मोरॅग कधीमधी ऊनाच्या घरीही यायची. तिनं नोराबाईंचं डुगडुगणारं टेबल नीट करून दिलं होतं. मला काय ते कळत होतं, पण आमच्याकडे असल्या गोष्टी कळतात आणि तिथेच थांबतात.

एके दिवशी मोरॅग बोटीवर म्हणाली, "माझ्याकडे राहायला ये."

"माझी मंजुरी जाईल."

"कसली मंजुरी?"

"धर्मशिक्षण शिकवायचं तर बिशपच्या कचेरीची मंजुरी लागते. श्रद्धा आणि चारित्र्य बघतात."

"चारित्र्य तुझ्याकडे पोत्यानं आहे. वाटत सुटलीस तरी उरेल."

"आणि आई?"

"आईला विचारलंस?"

"हे काय विचारण्यासारखं आहे, मोरॅग?"

मोरॅगनं तो हिवाळा थांबून पाहिलं. वसंतात तिनं पार उत्तरेला, ऑर्कनी बेटांवरच्या शाळेत नोकरी धरली. ती गेली त्या सकाळी ऊना वर्गात होती. मी म्हटलं होतं, "जा तू, तुझा तास मी घेते." ती म्हणाली, "पोरांची परीक्षा जवळ आलीये गं."

त्यानंतर ऊनाला कुणी रडताना पाहिलं नाही. पण शिक्षकांच्या खोलीकडे जायला ती लांबची वाट धरायला लागली, पलीकडच्या सुतारखान्याच्या दारावरून. तिथे आता एक तरुण मास्तर होता. कापलेल्या पाइन लाकडाचा वास आला की तिची पावलं मंद व्हायची. शनिवारी बोटीनं एकटीच जायची आणि न उतरता त्याच बोटीनं परत यायची. टीव्हीवर हवामान लागलं की सगळे आपल्या गावाचं बघतात, ही नकाशाचं वरचं टोक बघायची. तिकडे वादळ असलं की दुसऱ्या दिवशी गप्प असायची.

अशीच वर्षं गेली. मग वरून, सरकारकडून सांगणं आलं, की सगळ्या शाळांनी मुलांना हे शिकवायचं: कुणाच्या घरी दोन आया असतात, कुणाच्या घरी दोन बाप, काही मुलगे मुलग्यांवर प्रेम करतात, काही मुली मुलींवर, आणि त्यावरून कुणाला छळायचं नाही. उजव्या दरवाज्यापलीकडे धडे लगेच सुरू झाले. आमच्याकडे तशी चर्चच्या धड्यांमध्येही दोन पानं घातली गेली होती, पण ती उघडायला कुणी पुढे येईना. आईबापांच्या फोनवर निरोपांचा पाऊस पडला. कुणी म्हणे धर्म बुडाला, कुणी म्हणे मुळात शिकवायलाच उशीर झालाय.

मुख्याध्यापिका जेराल्डिननं ऊनाला बोलावून घेतलं. "पालकांची सभा घ्यावी लागणार. तू बोल. तुझ्याबद्दल कुणाचा शब्द वाकडा नाही."

"मीच का?"

"अगं, तुझी श्रद्धा सगळ्यांना ठाऊक आहे. तुझं ऐकतील."

ऊना हो म्हणाली. मला वाटलं, नाही म्हणायची सवयच नव्हती तिला.

मे महिन्यातली संध्याकाळची सभा. चर्चच्या हॉलमध्ये खिडक्यांतून अजून लख्ख ऊन येत होतं. फादर यूजीननी प्रार्थना म्हटली. तिसऱ्या रांगेत नोराबाई मांडीवर पर्स घेऊन बसल्या होत्या. मोरॅगबद्दल त्यांना कधीच काही कळलेलं नव्हतं, असं ऊनाला वाटत होतं.

ऊनानं दोन पानं वाचून दाखवली, नीट समजावून सांगितलं. मग जो कॉइल उठला. नळकामं करणारा, भला माणूस, म्हाताऱ्याकोताऱ्यांकडून अर्ध्या वेळा मजुरी न घेणारा. त्याची पोरगी ओर्ला आमच्याकडे माध्यमिकच्या दुसऱ्या वर्षाला होती.

"मी भांडायला आलो नाही," तो म्हणाला. "माझी आई जाताना माझ्या हातात जपमाळ देऊन गेली. मला माझ्या पोरीला तेच द्यायचंय. बाकी सगळं जग तिच्या फोनमध्ये आहेच की. एक जागा तरी असू दे, जिथं जुनंच शिकवतात."

टाळ्या पडल्या. ऊनाही मान हलवत होती. जपमाळेचं तिला पटत होतं. तिची स्वतःची खिशातच असायची.

"पण मुलं एकमेकांना काय काय बोलतात ते तुम्ही ऐकत नाही, मिस्टर कॉइल. मी ऐकते."

"मग कान धरा ना त्यांचा! आमच्या वेळी धरायचेच. त्याला धडा कशाला? आणि कुणासाठी? आपल्या शाळेत असली माणसं आहेत तरी किती? एक नाव सांगा, मिस मॅकल."

हॉलमध्ये हशा झाला. ऊनानं हातातली पानं टेबलावर ठेवली.

"एक मी आहे," ती म्हणाली.

हसू अर्ध्यात तुटलं. फादर यूजीन आपल्या हातांकडे बघत राहिले. जेराल्डिननं डोळे मिटले. नोराबाईंनी पर्स उघडली, पेपरमिंटची गोळी काढली, सावकाश तोंडात टाकली आणि पर्स खट्कन बंद केली. अख्ख्या हॉलमध्ये तेवढा एकच आवाज झाला.

"मी ओर्लाच्या वयाची होते तेव्हा ह्याच शाळेत होते," ऊना म्हणाली. आवाज चिरकत होता, तरी थांबली नाही. "मला वाटायचं, हा आजार साऱ्या जगात मला एकटीलाच झालाय. कुणी त्याचं नावसुद्धा घेत नसे, शिवी द्यायची असली तरच. मी देवाला रोज सांगायचे, एवढं काढून घे. त्यानं काढून घेतलं नाही. आजही वर्गात अशी एखादी मुलगी असते. ती हात वर करत नाही. धडा तिच्यासाठी आहे."

ती खाली बसली. जो कॉइल उभाच होता. हातातली टोपी गोल गोल फिरवत म्हणाला, "मिस, मी तुम्हाला उद्देशून नव्हतं म्हटलं."

"ठाऊक आहे मला," ऊना म्हणाली.

सभा संपल्यावर आम्ही तिघी टेकडी चढत निघालो. नोराबाईंनी लेकीचा हात धरला होता. मग म्हातारी म्हणाली, "ती सुतारीण ना?"

ऊना थबकली. "तुला माहीत होतं?"

"म्हातारी झालेय, आंधळी नाही झाले. माझ्या गालिच्यावर भुसा सांडायची ती."

"मग बोलली का नाहीस?"

"तू तरी कुठं बोललीस?"

"तू रागावली असतीस, आई."

"रागावले असतेच! वर्षभर तोंड बघितलं नसतं तुझं. फादरकडे जाऊन रडले असते. आणि मग एखाद्या रविवारी तिच्यासाठीही सूप टाकलं असतं. वर्षाचं काय घेऊन बसलीस, असं जातं. मला विचारायचंस तरी."

ऊना रस्त्याकडेच्या बुटक्या भिंतीवर मटकन बसली आणि तोंडावर हात घेऊन रडायला लागली. एवढ्या वर्षांचं सगळं एकदम आलं. सभेतली माणसं जवळून जात होती. नोराबाई तिच्यापुढे आडव्या उभ्या राहिल्या आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत राहिल्या, "काही नाही हो, बूट चावतोय तिला. चला, पुढं व्हा."

त्या शनिवारी ऊनानं ऑर्कनीला फोन लावला. काय बोलणं झालं ते तिनं मला सोमवारी, वर्गाचं दार लावून सांगितलं.

मोरॅगनं आवाज लगेच ओळखला. "ऐकलं मी," ती म्हणाली. "इथवर येऊन पोचली बातमी. शाब्बास, मॅकल."

"सुट्टी लागली की मी तिकडे येऊ का?" ऊनानं एका दमात विचारलं. उशीर झाला तर शब्द परत जातील अशी भीती वाटली तिला.

पलीकडून समुद्रपक्ष्यांचा गलका ऐकू येत होता. "ऊना, इथं आता सिग्ने आहे."

"कोण सिग्ने?"

"नॉर्वेची आहे. होड्या बांधते. बरेच दिवस झाले आता." मग जरा थांबून, "मी वाट बघितली गं. तो पहिला हिवाळा प्रत्येक बोटीला धक्क्यावर जायचे. लोकांना वाटायला लागलं, मी बोटीच्या कंपनीत लागलेय."

"मला सांगायचंस."

"काय सांगणार? यायचं तर तुला होतं."

मग ऊनानं विचारलं, "चांगली आहे का ती?"

"चांगली आहे. स्वयंपाकाच्या नावानं शून्य."

"तुला तरी कुठं येतो?"

"म्हणूनच उपाशी मरतोय आम्ही दोघी."

दोघी हसल्या. मोरॅग म्हणाली, "ये ना तू. खरंच ये. दोघी घ्यायला येऊ धक्क्यावर." ऊना "येईन" म्हणाली. ती येणार नाही हे दोघींनाही कळत होतं. फोन ठेवताना मोरॅगनं नोराबाईंचं टेबल अजून नीट उभं आहे का, ते विचारलं. ऊना म्हणाली, आहे.

पुढच्या आठवड्यात बिशपच्या कचेरीतून एक मॉन्सिन्योर, म्हणजे वरच्या मानाचे पाद्री, ऊनाच्या घरी आले. चहा घेतला, नोराबाईंनी भाजलेला स्कोन, तो गोडसर छोटा पाव, खाल्ला, मग अवघडत विचारलं, "मिस मॅकल, तुम्ही कुणाबरोबर राहता का?"

"आईबरोबर."

"बाकी कुणी?"

"बाकी कुणी नाही."

त्यांचा चेहरा मोकळा झाला. मंजुरी तशीच राहिली. एकटी आहे म्हणून राहिली, हे सांगताना ऊना माझ्याकडे बघत नव्हती. नोराबाईंनी मात्र मॉन्सिन्योरना दुसरा स्कोन विचारला नाही.

दोन घरांनी रागानं आपली मुलं आमच्या दरवाज्यातून काढून उजव्या दरवाज्यात घातली, जिथं तेच धडे आमच्याहून जास्त शिकवतात. जो कॉइलनं ओर्लाला ठेवलं. का ते त्यानं कुणाला सांगितलं नाही.

जूनमध्ये, सुट्टीच्या आधी, ऊनानं तो धडा घेतला. दारं उघडी होती, माझी पोरं गणितं सोडवत होती, मला सगळं ऐकू येत होतं. पोरं आधी कुजबुजली, मग कंटाळली, मग प्रश्न विचारायला लागली. ओर्ला कॉइलनं हात वर केला.

"मिस, तुमचं कुणावर प्रेम होतं?"

"होतं."

"आता कुठं असते ती?"

"लांब. उत्तरेला. सुखात आहे."

"तुम्हाला आठवण येते?"

"येते. दुपारी जरा कमी. तुम्ही असता ना इथं गोंधळ घालायला."

वर्ग हसला. ओर्ला हसली नाही. तिनं विचारलं, "आणि संध्याकाळी?"

माझ्या वर्गातल्या पोरांनीही पेन्सिली थांबवल्या होत्या.

"संध्याकाळी खूप येते, बाळ," ऊना म्हणाली. "चला, पुढचं पान काढा."