माणशी भाडं

चष्मेवाल्या काकांचा बाजारात दबदबा होता, पण तो चष्म्यांमुळे नव्हे. परदेशाचं विमानतिकीट स्वस्तात कसं मिळवावं, यावर ते तासन्‌तास बोलू शकत. गिऱ्हाइकाला खुर्चीत बसवायचं, नाकावर तपासणीची जड फ्रेम चढवायची, आता हा कुठे पळत नाही याची खात्री करून घ्यायची आणि मग सुरू व्हायचं. शनिवार-रविवारचं विमान बघू नये. एकाच मोबाइलवरून सारखं शोधू नये. साइट माणूस ओळखते आणि तो अडलेला दिसला की भाव चढवते. मधल्या विमानतळावर बाकावर पाय मुडपून रात्र काढायची तयारी असेल, तर निम्म्यात काम होतं. समोरच्या पाटीवरची अक्षरं राहायची बाजूला आणि गिऱ्हाईक नुसतं मान डोलवत बसायचं.

एवढं ज्ञान पाजळणाऱ्या या गृहस्थांनी स्वतः मात्र विमानात कधी पाऊल ठेवलं नव्हतं.

त्यांची एकुलती एक लेक समुद्रापार राहायची. तिला मुलगी झाल्याचं कळलं, त्या दिवशी काका आणि त्यांची बायको स्वयंपाकघरातल्या टेबलाशी मोबाइल मधे ठेवून बसले होते. सगळी माहिती भरून त्यांनी तो शोध साइटवर जपून ठेवला. "खिडकीशी मी बसणार," बायकोनं तेव्हाच सांगून टाकलं. "आत्ताच काढू या का तिकिटं?" असंही ती म्हणाली होती. काका म्हणाले, "अजून जरा उतरू दे." भाडं उतरायच्या आत तीच गेली. दुपारी जरा पडते म्हणाली आणि उठलीच नाही.

त्यानंतर काका तोच जपलेला शोध रोज उघडत आणि फक्त तारखा पुढे सरकवत. घर खायला उठायचं, म्हणून ते इतर दुकानांची कुलपं निघायच्या आधीच आपल्या दुकानात येऊन बसत. फ्रेमा पुसून झाल्या की पुन्हा भाडं बघत. ते आवाक्याबाहेरच असायचं. लेक फोनवर विचारायची, "बाबा, कधी येताय?" त्यावर यांचं उत्तर ठरलेलं, "उतरू दे गं जरा."

हल्ली तिनं विचारणंच सोडलं होतं. नातीला दाखवायची, हवापाण्याचं बोलायची आणि फोन ठेवायची. ते न विचारणं काकांना फार लागायचं, पण सांगणार कुणाला?

मग एका सकाळी दुकानात असतानाच तिचा फोन आला. "बाबा, मी इथून पाहिलं. तुम्ही सांगता तेच विमान, तीच तारीख. बरंच स्वस्त आहे. तुम्हाला यायचं नसेल तर तसं सांगा, मी वाईट वाटून घेणार नाही." वाईट तिला आधीच वाटलेलं होतं, ते आवाजात कळत होतं.

काकांचं डोकं फिरलं. लेकीवर नाही, साइटवर. ते तडक शेजारच्या औषधवाल्या वहिनींच्या दुकानात शिरले.

"वहिनी, तुमच्या मोबाइलवरून बघा बरं. या साइटनं माझ्यावर डूख धरलाय."

वहिनींनी शोधलं. भाडं खरंच कमी होतं.

"बघा, मी म्हणत नव्हतो?"

वहिनींनी त्यांचाही मोबाइल मागून घेतला आणि दोन्ही काउंटरवर शेजारी शेजारी ठेवले. दोन्हींवरची माहिती त्यांनी ओळीओळीनं ताडून पाहिली.

"काका, तुमच्याबरोबर कोण येतंय?"

"कोण येणार? मी एकटाच."

"इथं प्रवासी दोन लिहिलंय."

काकांनी चष्मा कपाळावर सरकवला, मग पुन्हा नाकावर ओढला.

"भाडं माणशी दाखवतात ना, म्हणून लक्षात आलं नसेल," वहिनी आवाज उतरवून म्हणाल्या. "स्वस्तातली एकच जागा उरली असेल आणि आपण दोन मागितल्या, की दोघांनाही वरचा दर लावतात. मी करून देऊ का एक?"

"नको. मी करतो."

दुकानात परत येऊन ते आतल्या तपासणीच्या खोलीत गेले आणि गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसले. जगाचे डोळे तपासणाऱ्याला नाकासमोरचा आकडा दिसला नाही म्हणून बाजार हसला, तर हसो बापडा. आकडा त्यांना रोज दिसत होता. तो तिथं असणारच, असं डोळ्यांनी धरलेलं होतं. वजाच्या खुणेवर बोट ठेवायला त्यांना फार जड गेलं. दोनाचा एक झाला आणि भाडं धाडकन खाली आलं. ज्याची इतके दिवस वाट पाहिली ते असं समोर आलं आणि काका ढसाढसा रडले.

मग तोंड धुऊन त्यांनी तिकीट काढलं. जागा खिडकीशी घेतली. आणि लेकीला फोन लावला.

"येतोय," ते म्हणाले.

"उतरलं भाडं?"

"उतरलं. इतके दिवस मी दोघांचं बघत होतो गं. बदलायचं राहूनच गेलं."

पलीकडे नात काहीतरी आपटत होती.

"बाबा," ती शेवटी म्हणाली, "इथल्या तुमच्या खोलीत मी दोन पलंग घातले होते. दुसरा अजून काढलेला नाही. हे रोज म्हणतात काढू या, आणि मी म्हणते, उद्या."

"राहू दे," काका म्हणाले. "मी आलो की आपण दोघं मिळून काढू."