उलट्या कासऱ्याची होडी

लग्न झाल्यापासून मी आमच्या मालकांचं नाव तोंडानं घेतलं नाही. इथं लिहिते: आसाराम. माणूस सोन्यासारखा, पण हट्टाला पेटला की त्याच्यापेक्षा बैल बरा.

यंदा दुष्काळानं धरण तळाला गेलंय. मालक आता नाहीत, होडीही कधीच कुजली. पण कोरडं पात्र दिसलं की ती नागपंचमी आठवते.

सिंदफणा नदीवरचं धरण भरलं, तेव्हा आमचं जुनं गाव पाण्याखाली गेलं आणि आम्ही माळावर राहायला आलो. माझी नणंद भिवराबाई पलीकडच्या काठाला दिलेली. पूर्वी नदी उतरून घटकाभरात माहेरी यायची. आता एसटीचा मोठा वळसा पडू लागला. तिची सासू म्हणायची, "एवढ्या लांब कावून धाडायचं?" सणामागून सण गेले, भिवरा काही आली नाही. मालकांना घास गोड लागेना.

त्यातच ऊसतोडीला कंटाळलेल्या गावानं मासळीची सोसायटी काढली. सोसायटीनं दोन होड्या आणल्या, एक पसरट, एक निमुळती. चिठ्ठी निघाली, पहिली निवड मालकांची. बैलबाजारात फिरावं तसे ते दोन्हींभोवती फिरले. पाठीवर थाप मारली, वाकून पोट बघितलं.

"ही निमुळती. चालीला लई तेज हाय."

"दात बघितले का?" मी विचारलं. सगळा काठ हसला.

ऊसतोडीत राहायच्या कोपीवरचं जुनं कापडी पाल उसवून मी शीड शिवून दिलं. पंचमीच्या आदल्या दिवशी मालक बहिणीला आणायला निघाले आणि मीही होडीत चढले. बुडायचं तर दोघांनी बुडावं. मागं राहून रडत कोण बसणार?

मालकांनी सुकाणूचा दांडा बैलाच्या कासऱ्यासारखा धरला. डावीकडं वळायचं म्हणून डावीकडं ओढला, होडी उजवीकडं गेली. आणखी जोरात ओढला, ती आणखी उजवीकडं. गोल फिरून आम्ही परत आमच्याच काठाला!

आमचा शेजारी धुळाजी काठावरून ओरडला, "आसाराम, भैन इकडंच दिली व्हय बे?"

"हिचा कासरा उलटा हाय," मालक पुटपुटले.

"मग उलटा ओढा की!" मी खेकसले.

ओढला. होडी सरळ झाली, कडेच्या वाऱ्यानं पाल फुगलं आणि आम्ही पलीकडं लागलो. भिवराची सासू भिजलेल्या भावाकडं बघतच राहिली. "जा बाई," एवढंच म्हणाली.

येताना मध्यावर भिवरानं एकदम मालकांचा हात धरला. पाण्याबाहेर वाळलेल्या कडुलिंबाचा शेंडा दिसत होता.

"दादा, थांब. आपलं अंगण आलं."

मालकांनी शीड उतरवलं. मी लिंबाची फांदी धरून ठेवली. खाली हिरवं, गढूळ पाणी, बाकी काही नाही. मग मला सुचलं ते मी केलं. लेक दारात आली की करतात तसं, ओंजळभर पाणी घेतलं आणि भिवराच्या पायांवर घातलं. भाकरीचा तुकडा ओवाळून पाण्यात टाकला.

भिवरा हमसून हमसून रडली. मालकांनी तोंड फिरवलं.

बऱ्याच वेळानं तिनं पदरानं डोळे पुसले.

"झालं माझं माहेर," ती म्हणाली. "चल दादा, आता तुझ्या गावाला."